फी एक, शिकवणारे चार : लातूरमधल्या एका नीट बॅचचं परीक्षण

लातूरच्या ट्यूशन एरियात शिरलं की आधी फ्लेक्स दिसतात. मुलामुलींचे फोटो, खाली 720 पैकी पडलेले गुण, मिळालेलं मेडिकल कॉलेज, कोपऱ्यात हात जोडलेले संचालक. सोमवार ते शनिवार फळ्यापुढे कोण उभं राहणार आणि ती व्यक्ती स्वभावाने कशी आहे, एवढं मात्र त्यावर नसतं. पालकही ते विचारत नाहीत. फी किती, हप्ते किती, मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का, मेसमध्ये भाकरी मिळते का, टेस्ट किती होतात, इथे चौकशी संपते. पुढे निकाल लागतो तेव्हा लक्षात येतं की लेकरू केमिस्ट्रीत तरलं आणि फिजिक्समध्ये अडकलं. पुस्तकं दोन्हीकडे तीच होती, हॉलही तोच होता.

हे परीक्षण अकरावी-बारावीच्या दोन वर्षांच्या नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बॅचचं आहे, आणि तेही फक्त शिकवण्याच्या अंगाने. क्लासचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नाव दिलं की वाचणारे नावावरून भांडतात. शिवाय हे चार स्वभाव उद्योग भवनाच्या परिसरात सापडतील, नांदेडच्या श्यामनगरात सापडतील आणि संभाजीनगरातही. नाव बदललं तरी तासाला काय घडतं ते फारसं बदलत नाही.

सोयींबद्दल थोडक्यात. हॉल मोठा, साधारण सव्वाशे मुलांचा. पंखे भरपूर, पण जुने, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचा आवाज हरवतो (हा मुद्दा पुढे पुन्हा येईल). छापील नोट्स नीटनेटक्या, रविवारी पेपर, सोमवारी गुणांची यादी. यात खोट काढण्यासारखं फार नाही. पेपर घेत राहण्याची शिस्त लातूरला नवी नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी जे घडवलं त्यालाच पुढे लातूर पॅटर्न म्हणू लागले, आणि त्याचा कणा सराव परीक्षांचाच होता. बोर्डाच्या काळात ही घडी इतकी पक्की होती की शिकवणारा थोडा इकडेतिकडे असला तरी मुलं निभावून न्यायची. आता नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. 2025 पासून प्रश्न निवडायची सवलतही गेली. त्यातच 2020 मध्ये मेडिकल प्रवेशाचा 70:30 चा प्रादेशिक कोटा (70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, 30 टक्के राज्यभरासाठी) रद्द झाला आणि मराठवाड्यातली मुलं थेट राज्याच्या एकाच यादीत आली. विचार करण्याची सवय वर्गात लागली का, हे आता घडीने झाकलं जात नाही.

फिजिक्सचे सर

क्लासचा डेमो यांच्याच तासाने सुरू होतो. दुकानदार चांगला माल दर्शनी मांडतो, तसंच. आवाज दणदणीत, माइकची गरज नाही. तीन रंगांचे खडू, आकृती एका दमात, मधूनच एक विनोद, आणि दर पाच मिनिटांनी, "समजायलंय का लेकरांनो?" सव्वाशे गळ्यांतून "हो सर" येतं. डेमो संपल्यावर पालक फीच्या खिडकीकडे वळतात ते याच तासामुळे.

हा माणूस खरोखर हुशार आहे आणि विषयावर त्याचं प्रेम आहे, याबद्दल शंका नाही. अडचण त्याच्या उत्साहाचीच आहे. शांतता त्याला सोसवत नाही. घर्षणाचा धडा घ्या. जमिनीवर 10 किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.5, आडवं बल 20 न्यूटन, g ला 10 धरा. घर्षण किती? सर प्रश्न विचारतात आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच म्हणतात, "पन्नास ना? झालं, फसलात!" वर्ग हसतो. 50 न्यूटन ही कमाल मर्यादा, लावलं 20 म्हणून घर्षणही 20, असं सर दिमाखात सांगतात. विनोद सगळ्यांच्या लक्षात राहतो. रविवारच्या पेपरात तेच बल जमिनीशी 30 अंशाच्या कोनात वर ओढणारं येतं. आता अभिलंब बल (जमीन ठोकळ्याला वर ढकलते ते बल) 100 राहत नाही, 90 होतं. मर्यादा 45 होते. आडवा घटक 17.3, म्हणून घर्षण 17.3. मुलं मात्र 20 ला गोल करतात, काही जण 45 ला. चूक सूत्राची नाही. बल तिरपं झाल्यावर अभिलंब बल बदलतं हा विचार त्यांनी स्वतः एकदाही केलेला नसतो, त्यांनी तो होताना पाहिलेला असतो.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो, हे मोजायची कल्पना मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंची. 1970 च्या दशकात त्यांनी दाखवलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, गप्प बसणारीही बोलू लागतात. आपल्या या सरांकडे तो एक सेकंदही पुरता मिळत नाही. बोलका, हजरजबाबी स्वभाव इथे थेट विद्यार्थ्याच्या वाट्याचा वेळ खातो.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं: "पण पोरांना तर लई आवडतात." आवडतात हे खरंच आहे. 1970 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. डॉ. फॉक्स अशा बनावट नावाने एका नटाला तज्ज्ञ म्हणून उभं केलं. व्याख्यानात अर्थ जवळजवळ नव्हता, पण ढंग झकास होता, आणि ऐकणाऱ्या शिकल्या-सवरलेल्या लोकांनी त्याला चांगला शेरा दिला. दुसरा प्रयोग 2019 चा, हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या वर्गांतला. ज्या मुलांना स्वतः गटात बसून गणितं सोडवायला लावली ती चाचणीत पुढे होती, पण "आपण जास्त शिकलो" असं वाटत होतं ते छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना. डेमोनंतर मुलाला "कसं वाटलं?" विचारून क्लास ठरवणाऱ्यांनी हे दोन प्रयोग ध्यानात ठेवावेत.

सरांचा फायदा कोणाला? ज्या मुलाला फिजिक्सची धास्ती आहे त्याची भीती पहिल्या तीन महिन्यांत हे सर नक्की घालवतात. ते काम शांत शिक्षकाला इतक्या लवकर जमत नाही. नंतर मात्र मुलाने त्यांच्या तासाला एक पथ्य पाळावं: सरांनी गणित फळ्यावर लिहिलं की मान खाली घालून स्वतः सुरुवात करायची, सर सोडवत असले तरी वर बघायचं नाही, आणि त्यांचं संपल्यावर पायऱ्या ताडून पाहायच्या. चार-सहा विनोद हुकतील. हुकू द्यावेत.

केमिस्ट्रीच्या मॅडम

यांचा डेमो ठेवत नाहीत. ठेवला तर प्रवेश कमी होतील, असा व्यवस्थापनाचा हिशेब असावा. आवाज हळू, बोलणं संथ, विनोद नाही. पहिल्या आठवड्यात मुलं घरी फोन करून सांगतात, "मॅडमचं काही कळंना." आणि या बॅचमध्ये सगळ्यात चांगलं शिकवणं यांचंच आहे.

त्यांच्या तासाची रीत बघण्यासारखी आहे. सेंद्रिय रसायनातला एक प्रश्न: टर्ट-ब्युटिल ब्रोमाइडवर सोडियम मेथॉक्साइडची क्रिया, काय मिळेल? विल्यमसन संश्लेषण (ईथर बनवायची एक रीत) नुकतंच शिकून झालंय, त्यामुळे वर्ग एका सुरात ईथर म्हणतो. मॅडम "चूक" म्हणत नाहीत. "बरं," म्हणून ईथरच फळ्यावर लिहितात आणि विचारतात, "मेथॉक्साइड त्या कार्बनपर्यंत कुठल्या बाजूने जाईल? बाण कोण काढतंय?" एक मुलगी येते, बाण काढते, तीन मिथिल गट आडवे येतात, हात थांबतो. मॅडमही थांबतात. पाच-सहा सेकंद कोणीच बोलत नाही. ती शांतता सव्वाशे मुलांच्या हॉलमध्ये फार मोठी वाटते. मग मागून कोणीतरी म्हणतं की आत जाता येत नसेल तर तो बाजूचा हायड्रोजन ओढेल. बस्स. विलोपन झालं, 2-मिथिलप्रोपीन मिळालं. लगेच उलटा प्रश्न: मग तोच ईथर हवा असेल तर? सोडियम टर्ट-ब्युटॉक्साइड आणि मिथिल हॅलाइड घ्यायचं, म्हणजे गर्दी असलेला गट हल्ला करणाऱ्याकडे गेला आणि ज्यावर हल्ला होतो तो कार्बन मोकळा राहिला. हे उत्तर बहुतेक वेळा मुलंच देतात.

यात स्वभावाचा भाग कोणता आणि कसबाचा कोणता, ते वेगळं काढणं कठीण आहे. चुकीचं उत्तर ऐकून जिला घाई होत नाही अशाच व्यक्तीला ते फळ्यावर लिहून ठेवणं सुचतं. मॅडमचा स्वभाव मुळात ऐकणाऱ्याचा आहे आणि तो त्यांनी वर्गाच्या कामी लावलाय.

आता खोट. अभ्यासक्रम मागे पडतो. एका प्रश्नावर बारा मिनिटं गेली तर दिवसाचा नेम चुकतो, आणि शेवटी कोऑर्डिनेशन कंपाउंड्स आणि बायोमॉलिक्यूल्स घाईत उरकले जातात. जी प्रकरणं मुलांना हमखास गुण देऊ शकतात तीच नेमकी घाईची ठरतात. दुसरी अडचण पंख्यांची. मॅडमचा आवाज सातव्या-आठव्या रांगेनंतर विरतो, माइक आहे पण त्याला खरखर आहे. मागे बसणाऱ्या मुलांना त्या फक्त थांबलेल्या दिसतात, कशासाठी थांबल्या ते कळत नाही. चांगला कॉलर माइक ही फार मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. एसीच्या जाहिरातीआधी व्यवस्थापनाने तो घ्यावा. तोवर मुलाला पहिल्या पाच रांगांत बसता येईल का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या; इथे बाकांची जागा टेस्टच्या क्रमांकावरून ठरते, म्हणजे ज्याला ऐकू येण्याची सर्वात जास्त गरज आहे तो सर्वात मागे. ही पद्धत साफ चुकीची आहे.

बायोलॉजीचे सर

कडक. तासाला दोन मिनिटं उशीर झाला तर दार बंद. एनसीईआरटीचं पुस्तक हातात, ओळ अन् ओळ, खाली रेघ मारून घेतात आणि दुसऱ्या दिवशी उभं करून विचारतात. नव्या पिढीच्या पालकांना हे जुनाट वाटतं, पण बायोलॉजीला हा स्वभाव फळतो. नीटमध्ये बायोलॉजीचे 90 प्रश्न, 360 गुण, म्हणजे निम्मा पेपर, आणि त्यातले बहुसंख्य एनसीईआरटीच्या वाक्यांवरून उचललेले असतात. आताच्या आवृत्तीत अकरावीची 19 आणि बारावीची 13 प्रकरणं आहेत. ती तीन-चार वेळा डोळ्यांखालून घालायची तर ढिला माणूस कामाचा नाही. या सरांची मुलं बायोलॉजी पाऊण तासात संपवतात आणि वाचलेला वेळ फिजिक्सला देतात. ही फार मोठी मिळकत आहे.

पण जिथे ओळ संपते आणि हिशेब सुरू होतो तिथे ही मुलं अडतात. हृदयाचं एका ठोक्याला 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, मिळून सुमारे 5 लिटर, हे सगळ्यांना तोंडपाठ. विचारलं की हृदयाचा निर्गत (मिनिटाला बाहेर पडणारं रक्त) 5 लिटर आहे, प्रसरणाच्या शेवटी जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) 100 आणि आकुंचनाच्या शेवटी 50 मिलिलिटर रक्त आहे, तर ठोके किती? ठोक्याला 50, म्हणून मिनिटाला 100. अर्ध्या रांगेने 72 लिहिलेलं असतं. पाठांतराने हात इतका सरावतो की प्रश्न पुरता वाचण्याआधीच तो गोल काळा करतो.

दुसरा तोटा जास्त खोल आहे. चाकूर, जळकोट, गंगाखेड, लोहा, कळंब अशा ठिकाणांहून मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेलं लेकरू आधीच इंग्रजी पुस्तकाला बिचकलेलं असतं. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण क्लासचं सगळं साहित्य इंग्रजीत, म्हणून जवळजवळ सगळे इंग्रजीच निवडतात. अशा मुलाला पहिले सहा महिने शब्द अडतो, संकल्पना नंतर अडते. कडक सरांपुढे उभं राहून "या शब्दाचा अर्थ काय?" विचारण्याची हिंमत त्याला होत नाही. ते ओळ पाठ करतं, अर्थाशिवाय. सर निर्दय नाहीत; तासानंतर कोणी गेलं तर शांतपणे समजावतात. फक्त ते मुलाला ठाऊक नसतं. त्यांनी आठवड्यातून पंधरा मिनिटं फक्त शब्दांसाठी ठेवली आणि "आज अर्थ विचारायचे, पाठांतर नाही" असं मोठ्याने जाहीर केलं, तर या बॅचचा बायोलॉजीचा निकाल आणखी वर जाईल. जोवर ते होत नाही तोवर पालकांनी दहावीच्या सुट्टीतच मराठी-इंग्रजी शब्दांची एक वही करून घ्यावी: ऊती, पेशीभित्तिका, विकर, संप्रेरक, परागण असे दोनेकशे शब्द पुरतात.

डाउट काउंटरवरचे तरुण सर

इंजिनिअरिंग झालेले, मुलांत मिसळणारे, सगळे त्यांना "दादा" म्हणतात. रात्री साडेनऊपर्यंत बसतात. घरची आठवण येणारी, गुण घसरलेली मुलं आधी यांच्याकडेच जातात, आणि हे मोल कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. मात्र मन राखणारा स्वभाव डाउट सोडवायला घातक ठरतो. मुलाचा चेहरा उतरलेला त्यांना बघवत नाही, म्हणून वही पुढे आली की दादा पेन घेतात आणि गणित सोडवून देतात. दोन मिनिटांत डाउट मिटतो आणि मूल समाधानाने जातं. पुढच्या आठवड्यात तोच डाउट वेगळ्या आकड्यांनी परत येतो.

काउंटरवर एक साधा नियम लावला तर हे थांबेल: पेन मुलाच्याच हातात राहील. दादांनी फक्त विचारायचं, कुठपर्यंत आलास, हे सूत्र इथे का घेतलंस, आकृतीत कोणतं बल सुटलं. तीन प्रश्नांत अडलेली जागा सापडतेच. वेळ तिप्पट लागतो, त्यामुळे रांग वाढते, त्यामुळे दुसरा माणूस नेमावा लागतो. व्यवस्थापन इथेच हात आखडतं.

निगेटिव्ह मार्किंग आणि चार सल्ले

स्वभाव शिकवण्यात कसा उतरतो हे सगळ्यात उघड दिसतं ते पेपर सोडवण्याच्या सल्ल्यात. फिजिक्सचे सर म्हणतात, "ठोका, घाबरायचं नाही." बायोलॉजीचे सर म्हणतात, "खात्री नसेल तर हात लावायचा नाही." दादा म्हणतात, "तुला जसं बरं वाटेल तसं." तीन शिक्षक, तीन सल्ले, एकाच मुलाला, एकाच आठवड्यात. गणित फक्त मॅडम मांडतात.

ते गणित असं. चार पर्यायांपैकी काहीच कळत नसताना 12 प्रश्न अंदाजाने लावले तर सरासरी 3 बरोबर येतील: 12 मिळाले, 9 गेले, हातात 3. फायदा नाममात्र आणि जोखीम मोठी, कारण एकच बरोबर आला तर वजा 7. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी 4 बरोबर, 16 वजा 8, हातात 8. दोन पर्याय खोडता आले तर 6 बरोबर, 24 वजा 6, हातात 18. म्हणजे दोन खोडता आले तर लावायचाच, एक खोडता आला तर बहुधा लावायचा, आणि काहीच कळत नसेल तर सोडून पुढे जायचं, कारण तिथे गुणांपेक्षा वेळ जास्त जातो.

एमएचटी-सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) तर निगेटिव्ह नाहीच. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटाला 200 प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दीड-दीड तासाचे दोन भाग. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण फेकून देणं. बायोलॉजीच्या सरांच्या वळणाची सावध मुलं सीईटीतही वीसेक प्रश्न कोरे ठेवून येतात आणि सरासरी पाच गुण घरीच विसरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बीएस्सी ॲग्रीकडे किंवा फार्मसीकडे जाणाऱ्यांना हे पाच गुण कॉलेज बदलायला लावतात. क्लासने या बाबतीत चौघांना एका टेबलाशी बसवून एकच लेखी धोरण द्यायला हवं. ते सहज शक्य आहे आणि अजून झालेलं नाही.

पेपरचं विश्लेषणही असंच ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. रविवारचा पेपर झाला की सोमवारी यादी लागते, पण चुकलेल्या प्रश्नांची कारणं कोणी लिहून घेत नाही, मॅडमचा अपवाद. त्या वहीत चार रकाने पाडून घेतात: माहीत नव्हतं, वाचताना चूक, आकडेमोडीत चूक, अंदाज फसला. महिन्याभरात प्रत्येक मुलाचा खड्डा कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. ज्याचे बहुतेक प्रश्न दुसऱ्या रकान्यात जातात त्याला जास्त अभ्यासाची गरज नाही, हळू वाचण्याची आहे. फिजिक्सला ही वही लागू केली तर बॅचच्या एकूण गुणांत सगळ्यात मोठी वाढ तिथे होईल, असं आमचं मत आहे.

प्रवेशाआधी काय बघायचं

डेमोला जाऊ नका असं नाही, पण त्यावर निर्णय घेऊ नका. एखाद्या बुधवारी, धडा मध्यावर असताना, चालू वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे. बसायला मिळालं तर फळ्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन मोजा. तीनच्या आत त्यानेच उत्तर दिलं का? अर्ध्या तासात किती वेगवेगळी मुलं बोलली, की पुढची चार डोकीच बोलत राहिली? चुकीचं उत्तर आलं तेव्हा पुढे काय झालं: हशा, ओरडा, दुर्लक्ष, की त्यावर काम? शेवटी दोन-तीन मुलांच्या वह्या मागून बघा. सगळ्या वह्यांत फळ्याची अक्षरशः एकसारखी नक्कल असेल आणि कुठेच खोडाखोड नसेल, तर त्या तासाला विचार फक्त शिक्षकाने केलाय.

मग आपल्या मुलाचा स्वभाव समोर ठेवा. बुजरं असेल तर कडक शिक्षक असलेल्या विषयात त्याला पहिले सहा महिने बाहेरून आधार लागेल. चंचल असेल तर दादांच्या काउंटरवर त्याचा वेळ गप्पांत जाईल, तिथे कडकपणाच बरा. आधीच स्वतःहून गणितं सोडवणाऱ्या मुलाला फिजिक्सच्या सरांपासून धोका नाही. उलट त्यांच्या ऊर्जेचा त्याला फायदाच होईल. मॅडमकडे कोणत्याही स्वभावाचं मूल चालतं, फक्त ऐकू येईल अशा जागी बसलेलं हवं.

आमचा निवाडा असा: केमिस्ट्रीसाठी पाचपैकी साडेचार, बायोलॉजीला चार, फिजिक्सला तीन, डाउट काउंटरला अडीच, आणि व्यवस्थापनाला दोन. व्यवस्थापनाला इतके कमी का, तर चांगले शिक्षक असूनही त्यांचे गुण एकमेकांच्या उणिवा भरून काढतील अशी एकही व्यवस्था त्यांनी केलेली नाही.

पैसे भरताना दोन-तीन गोष्टी कागदावर घ्या. या भागात शिक्षक एका क्लासमधून दुसऱ्यात जातात, कधी वर्षाच्या मध्यावर. ज्यांच्यामुळे प्रवेश घेताय त्या शिक्षकाचं नाव आणि विषय पावतीवर किंवा वेळापत्रकावर शिक्क्यासह लिहून मागा, आणि ते गेले तर काय, तेही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणाऱ्याची पात्रता किमान पदवी हवी, शिक्षकांच्या पात्रतेची माहिती क्लासच्या संकेतस्थळावर असावी, प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा हवी, आठवड्याला सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. पूर्ण फी भरून मूल मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी, हॉस्टेल आणि मेससकट, दहा दिवसांत परत करावी, असंही त्यात आहे. फॉर्मवर "फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी हा मुद्दा काढा. फीवर 18 टक्के जीएसटी लावत असतील तर पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का ते पाहा. आणि एकरकमी सवलतीला भुलू नका; पहिला हप्ता भरून दिवाळीपर्यंतचे पेपर बघा, चार रकान्यांची वही घरीच सुरू करा, आणि फिजिक्सचा दुसरा रकाना भरत चाललेला दिसला तर दुसरा हप्ता भरायच्या आधी सरांना जाऊन भेटा.